झाहिद हुसेन आणि फाळणीचा ताळेबंद

१९४८ सालच्या एप्रिल महिन्यात कराचीच्या आणि लाहोरच्या बाजारांत ज्या नव्या नोटा फिरू लागल्या त्या केवळ नावाच्याच नव्या होत्या. सहाव्या जॉर्ज बादशहाचा मुखवटा त्यांवर पूर्वीचाच होता, ‘रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया’ ही अक्षरे पूर्वीचीच होती आणि नोटेची रक्कम मागणी होताच अदा करण्याचे वचनही त्याच बँकेचे होते. फरक पडला होता तो इतकाच की, नोटेच्या कोऱ्या पांढऱ्या जागेत इंग्रजीत ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ आणि उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ असे शब्द जादा छापलेले होते. हे शब्दही कराचीत छापले गेले नव्हते; ते उमटले होते आपल्या नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात. ज्या राष्ट्राने आपले निशाण, आपली राजधानी आणि आपली सरहद्द इतक्या आग्रहाने वेगळी करून घेतली त्याला आपले चलन मात्र आठ-दहा महिने शेजाऱ्याच्याच छापखान्यातून उसने घ्यावे लागले, आणि हा उसनवारीचा काळ संपवून स्वतंत्र चलन व स्वतंत्र मध्यवर्ती बँक उभी करण्याचे काम ज्या गृहस्थांकडे आले त्यांचे नाव झाहिद हुसेन.

त्यांच्या कारकिर्दीकडे वळण्यापूर्वी ही उसनवारी कशी जन्मास आली ते ध्यानी घेणे अवश्य आहे. दोन महिने-अडीच महिन्यांच्या मुदतीत एका प्रचंड साम्राज्याची वाटणी करावयाची, त्यात दौती-टेबलांपासून आगगाडीच्या डब्यांपर्यंत सर्व जिनसांच्या याद्या करावयाच्या, अशा घाईत चलनासारखी नाजूक गोष्ट तोडू नये, असे दोन्ही पक्षांच्या जाणत्या अधिकाऱ्यांचे मत पडले; आणि म्हणून असे ठरले की, मुंबईस मुख्य कचेरी असलेली रिझर्व्ह बँक ही ३० सप्टेंबर १९४८ पर्यंत दोन्ही अधिराज्यांची समाईक मध्यवर्ती बँक म्हणून काम पाहील. त्या वेळी बँकेचे गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख. भारताचा आणि पाकिस्तानचा सरकारी खजिना काही काळ एकाच कोकणी विद्वानाच्या देखरेखीखाली होता, ही गोष्ट आपल्याकडेही फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

व्यवस्था कागदावर शहाणपणाची होती. परंतु ज्या दोन पक्षांत काश्मीरच्या डोंगरांवर लढाई जुंपली आहे त्यांचा खजिनदार एकच असावा ही गोष्ट व्यवहारात टिकणे कठीण होते. अविभक्त हिंदुस्थानच्या रोख शिलकीतून पाकिस्तानचा वाटा ७५ कोटी रुपये ठरला होता. त्यांपैकी २० कोटी फाळणीच्या वेळीच देण्यात आले आणि उरलेल्या रकमेचा निकाल डिसेंबर १९४७ मध्ये वाटाघाटींनी लागला. ते हे ५५ कोटी. आपल्याकडे हा आकडा गांधीजींच्या हत्येच्या संदर्भात लोकांच्या तोंडी बसला आहे, आणि त्यामुळे ती काही खैरात किंवा खंडणी होती असा समज पुष्कळांचा आहे; वस्तुतः तो वाटणीतला, उभयपक्षी मान्य झालेला हिस्सा होता आणि वाद होता तो देण्याविषयी नव्हे, तर काश्मीरचा प्रश्न पेटलेला असताना तो तूर्त द्यावा की अडकवून ठेवावा याविषयी. भारत सरकारने तो अडकवला. १३ जानेवारी १९४८ रोजी गांधीजींनी दिल्लीत उपोषण आरंभिले, आणि दोन दिवसांत सरकारने रक्कम मोकळी केली. पण दरम्यान कराचीच्या अर्थखात्याला एक धडा मिळून चुकला होता. आपल्या पगारपत्रकांचे आणि लष्कराच्या रसदीचे पैसे ज्या बँकेतून निघावयाचे ती बँक दुसऱ्या राष्ट्राच्या अमलाखाली आहे, आणि ते राष्ट्र रागावले तर धनादेश वटणार नाही, हे सत्य इतक्या उघडपणे समोर आल्यावर सप्टेंबरपर्यंत थांबण्याची कोणाचीच तयारी उरली नाही. समाईक व्यवस्थेची मुदत ३० जून १९४८ पर्यंत अलीकडे ओढण्यात आली.

म्हणजे जे काम करण्यास मुळात तेरा महिन्यांचा अवधी होता आणि त्यातला बराचसा भांडणात गेला होता, ते आता तीन-चार महिन्यांत उरकावयाचे होते.

झाहिद हुसेन हे आजच्या अर्थाने अर्थशास्त्रज्ञ नव्हते. सिद्धान्त मांडून कीर्ती मिळवणाऱ्यांपैकी ते नव्हेत. १८९५ च्या सुमारास जन्मलेला हा अलीगढचा विद्यार्थी ब्रिटिश अमदानीतल्या हिशेब व लेखापरीक्षण खात्यात चढत गेला. या खात्याकडे इतिहासकारांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही. सनदी नोकरीतला कलेक्टर घोड्यावर बसून मुलुख पाहत असे आणि मागाहून आठवणी लिहीत असे. लेखापरीक्षक मात्र कचेरीत बसून त्या कलेक्टराच्या खर्चाच्या पावत्या तपासत असे, आणि त्याच्या आठवणी कोणी वाचल्या नसत्या. तथापि पाकिस्तानच्या अर्थकारणाची पहिली दहा वर्षे ज्यांनी चालवली ते बहुतेक याच पठडीतले होते. पहिले अर्थमंत्री गुलाम महंमद हे रेल्वेच्या हिशेबखात्यातून आलेले; महिंद्र बंधूंच्या बरोबरीने १९४५ साली ‘महिंद्र अँड महंमद’ ही पेढी काढणारे महंमद ते हेच, आणि पाकिस्तानात ते निघून गेल्यावर त्या पेढीच्या पाटीवर ‘महिंद्र अँड महिंद्र’ असे नाव आले. सरकारचे महासचिव आणि पुढे अर्थमंत्री व पंतप्रधान झालेले चौधरी महंमद अली हेही हिशेबखात्याचेच. या तिघांत झाहिद हुसेन हे सर्वांत अबोल, आणि सत्तेच्या शर्यतीत न उतरलेले असे एकटेच.

सरकारी नोकरीतून ते निजामाच्या हैदराबादेस अर्थमंत्री म्हणून गेले. मराठवाड्यातल्या वयस्कर वाचकांना हे सांगावयास नको की, त्या राज्यात निजामाचा स्वतःचा रुपया चालत असे. त्याला हाली शिक्का म्हणत, ब्रिटिश रुपयाला कलदार म्हणत, आणि साधारण सात हालींना सहा कलदार असा त्यांचा भाव असे. औरंगाबादेहून मनमाडच्या बाजूस येणाऱ्या व्यापाऱ्याला, विद्यार्थ्याला, यात्रेकरूला हा बट्टा मोजावाच लागे. एकाच आगगाडीच्या रुळावर, एकाच भाषेच्या मुलखात दोन वेगळ्या किमतीचे रुपये शेजारी शेजारी नांदतात आणि त्यांच्या सीमेवर सराफाचे पोट भरते, हा अनुभव झाहिद हुसेन यांनी अशा रीतीने फाळणीपूर्वीच घेतलेला होता. पुढे तोच प्रकार एकोणपन्नास सालानंतर बंगालच्या नदीमुखांवर त्यांना याहून फार मोठ्या प्रमाणावर पाहावयाचा होता.

हैदराबादेनंतर अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि लगेच फाळणी होताच दिल्लीत पाकिस्तानचे पहिले हायकमिशनर म्हणून नेमणूक, असा त्यांचा प्रवास आहे. सप्टेंबर १९४७ ची दिल्ली म्हणजे पुराण्या किल्ल्यात आणि हुमायूनच्या कबरीच्या आवारात कोंडलेले निर्वासित, दंगली, पळापळ. मुत्सद्देगिरीस तेथे वाव कमी आणि तंबू, धान्य व आगगाड्या मागण्यास अधिक. तेथून त्यांना कराचीस बोलावण्यात आले ते बँक काढण्यासाठी.

बँक काढणे याचा अर्थ नीट ध्यानात यावा म्हणून त्या वेळची स्थिती सांगितली पाहिजे. पश्चिम पंजाब, सिंध आणि पूर्व बंगाल या मुलखांतील बँकव्यवसाय जवळजवळ सर्वस्वी हिंदूंच्या हाती होता; फाळणीच्या दंग्यांत मालक, व्यवस्थापक, कारकून, शिपाई, सर्वच सरहद्द ओलांडून गेले, कित्येक बँकांनी आपल्या नोंदणीकृत कचेऱ्याच हिंदुस्थानात हलवल्या, आणि परिणामी अनुसूचित बँकांच्या ज्या पाचशेच्या आसपास शाखा त्या प्रदेशात होत्या त्या वर्षभरात दोनशेच्या आत आल्या. कापूस पिकला होता, ताग पिकला होता, पण पीक विकत घेण्यास आणि हुंडी वटवण्यास पेढी नव्हती. मुंबईस १९४१ साली स्थापन झालेली हबीब बँक आपले बिऱ्हाड कराचीस घेऊन आली, कलकत्त्यात आदमजी आणि इस्पहानी यांनी काढलेली मुस्लिम कमर्शियल बँक तिच्या मागोमाग आली. बाकी मैदान मोकळे होते. अशा स्थितीत मध्यवर्ती बँकेचे काम नुसते नोटा काढण्याचे व व्याजाचा दर ठरवण्याचे राहत नाही. ज्यांच्यावर देखरेख करावयाची त्या बँकाच आधी निर्माण कराव्या लागतात आणि त्यांना लागणारे हिशेबनीस व शाखाधिकारी शिकवून तयार करावे लागतात. पाकिस्तानच्या स्टेट बँकेने हे दोन्ही केले.

तीन कोटी रुपये भांडवल, त्यातील एकावन्न टक्के सरकारचे व उरलेले खाजगी भागधारकांचे, अशी स्टेट बँक ऑफ पाकिस्तानची घटना होती. १ जुलै १९४८ रोजी कराचीत बॅरिस्टर जिना यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. क्वेट्ट्याच्या हवेत विश्रांतीसाठी गेलेले, क्षयाने पोखरलेले जिना या समारंभासाठी मुद्दाम खाली आले होते. ११ सप्टेंबरला ते वारले. त्या भाषणात त्यांनी बँकेला राष्ट्राच्या आर्थिक सार्वभौमत्वाचे प्रतीक म्हटले आणि पाश्चात्त्य अर्थव्यवस्थेने मानवजातीपुढे न सुटणारे प्रश्न उभे केले असल्याने इस्लामच्या सामाजिक न्यायाच्या कल्पनांशी जुळेल अशी व्यवहारपद्धती बँकेच्या संशोधन खात्याने शोधावी, अशी अपेक्षाही व्यक्त केली. गव्हर्नर झाहिद हुसेन यांच्या मेजावर दुसऱ्या दिवशी सकाळी जे कागद आले ते मात्र याहून पुष्कळ रुक्ष विषयांचे असणार, असे मानण्यास हरकत नाही. कारण वाटणीचा मुख्य हिशेब अद्याप व्हावयाचाच होता.

तो हिशेब असा की, पाकिस्तानात फिरणाऱ्या हिंदी नोटा गोळा करून स्टेट बँकेने रिझर्व्ह बँकेकडे परत कराव्या आणि त्या प्रमाणात रिझर्व्ह बँकेने आपल्या पोतडीतले सोने, स्टर्लिंगचे रोखे आणि सरकारी रोखे स्टेट बँकेच्या हवाली करावे. एकत्र कुटुंबातील भावांनी घरातली भांडी वाटून घ्यावीत त्यातलाच हा प्रकार. पुष्कळशी वाटली गेली, आणि शेवटच्या काही भांड्यांवरून जी अढी पडली ती सुटली नाही. कोणत्या नोटा हिशेबात धरावयाच्या, कोणत्या नाही, यावर एकमत झाले नाही. स्टेट बँकेच्या वार्षिक ताळेबंदात रिझर्व्ह बँकेकडे अडकलेल्या मालमत्तेची बाब तेव्हापासून आजतागायत दर साल छापली जाते.

ऑक्टोबर १९४८ पासून बँकेने देशाच्या स्वतःच्या नोटा काढल्या. त्या लंडनच्या टॉमस दलारू कंपनीने छापल्या होत्या. पुढल्या वर्षी नव्या बँकेची खरी कसोटी आली.

१८ सप्टेंबर १९४९ रोजी ब्रिटनने पौंडाचे सुमारे साडेतीस टक्के अवमूल्यन केले. हिंदुस्थानने आणि स्टर्लिंग गटातील जवळजवळ सर्व राष्ट्रांनी आपापली नाणी त्याच प्रमाणात खाली आणली. पाकिस्तानने आणले नाही. एका आठवड्यापूर्वी जे दोन रुपये एकमेकांच्या बरोबरीने चालत होते त्यांची हुंडणावळ एकदम बदलली: शंभर पाकिस्तानी रुपयांना एकशे चव्वेचाळीस हिंदी रुपये.

हा निर्णय मंत्रिमंडळाचा होता. तो निभावून नेण्याचे काम बँकेकडे आले. निर्णयामागे अभिमान होता हे नाकारता येणार नाही, पण केवळ अभिमानच होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. पाकिस्तानची निर्यात म्हणजे ताग आणि कापूस. हे जिन्नस स्वस्त केले म्हणून परदेशातील गिरण्या काही दुप्पट ताग विकत घेणार नव्हत्या. उलट आयात म्हणजे यंत्रे, पोलाद, शस्त्रे. रुपया घसरला की ती महागणार. तर्क असा सरळ होता. त्यात एकच फट होती आणि ती फट हुगळी नदीच्या काठी होती. अविभक्त हिंदुस्थानातला तीन-चतुर्थांश ताग पूर्व बंगालात पिके, आणि तागाच्या गिरण्या जवळजवळ सर्व कलकत्त्याच्या आसपास होत्या. पूर्व बंगालात एकही नव्हती. म्हणजे ज्या गिऱ्हाइकाला माल विकावयाचा तो गिऱ्हाईक आणि ज्याच्याशी वैर तो शेजारी हे एकच होते.

हिंदुस्थानने नवा दर मान्य करण्याचे नाकारले. व्यापार थांबला. नारायणगंजच्या घाटांवर तागाचे गठ्ठे साचू लागले, कलकत्त्याच्या गिरण्या पाळ्या कमी करू लागल्या, आणि डिसेंबरात हिंदुस्थानने पाकिस्तानला जाणारा कोळसा बंद केला. शेतकऱ्याला या झुंजीतले काही कळत नव्हते. त्याला इतकेच दिसत होते की, ताग गोळा करणारे फरिया आणि बेपारी दारावर येत नाहीत आणि आले तर भाव पाडून मागतात. या अडचणीतून कराची सरकारने जी वाट काढली तिचे श्रेय दिले पाहिजे. ताग मंडळ स्थापून किमान भाव बांधून दिले, आणि तो ताग खरेदी करण्यास पैसा पुरवावा म्हणून नोव्हेंबर १९४९ मध्ये एका वटहुकमाने नॅशनल बँक ऑफ पाकिस्तान काढली. तिच्या मागे स्टेट बँकेची पत उभी होती. संकटातल्या एका हंगामासाठी घाईने उभारलेली ही बँक पुढे देशातल्या सर्वांत मोठ्या बँकांपैकी एक झाली आणि १९५२ मध्ये इंपीरियल बँकेच्या जागी सरकारी खजिन्याची कामे पाहू लागली.

तरीसुद्धा ही झुंज पाकिस्तान किती काळ लढू शकले असते हा प्रश्नच आहे. जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले, जगभर गोण्या, दोरखंड, कापूस, लोकर यांना मागणी आली, आणि अवमूल्यन न करणाऱ्यांची गणना एका रात्रीत द्रष्ट्या पुरुषांत होऊ लागली. फेब्रुवारी १९५१ मध्ये हिंदुस्थानने कराचीशी करार करून तो दर मान्य केला. माझ्या मते या विजयानेच पाकिस्तानच्या अर्थकारणाचे पुढे अधिक नुकसान केले. जे दैवाने दिले ते धोरणाने मिळाले असे मानून सरकारने परवान्याविना आयात खुली ठेवली, गंगाजळी ओसरत गेली, आणि १९५२ मध्ये ताग-कापसाचे भाव कोसळले तेव्हा दरवाजे धडाधड लावून घ्यावे लागले. त्यानंतर जो परवान्यांचा अंमल सुरू झाला त्यात महाग रुपयाचा लाभ झाला तो ज्याला परवाना मिळे त्याला, म्हणजे मुख्यतः कराचीत नव्याने आलेल्या मेमण, खोजा आणि तत्सम व्यापारी घराण्यांना, ज्यांच्यापैकी कित्येकांच्या पेढ्या काल-परवापर्यंत मुंबईत आणि काठेवाडात होत्या. आणि भुर्दंड बसला तो पूर्व बंगालच्या ताग पिकवणाऱ्यावर, ज्याच्या मालाचे डॉलर सरकार कमी दराने हाती घेई. देशाची दोन अंगे परस्परांपासून तुटण्याची कारणे पुष्कळ आहेत. पण हुंडणावळीचा तो दर त्यांतले एक आहे, हे ढाक्याच्या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे आकडे मांडून दाखवले. अखेर १९५५ च्या जुलै महिन्याच्या शेवटी पाकिस्ताननेही आपला रुपया खाली आणला, डॉलरला ४ रुपये ७६ पैशांच्या आसपास, म्हणजे हिंदी रुपयाच्या बरोबरीस.

तोपर्यंत झाहिद हुसेन बँकेत नव्हते. जुलै १९५३ मध्ये त्यांची मुदत संपली आणि अब्दुल कादिर त्यांच्या जागी आले. लगेच सरकारने नियोजन मंडळ स्थापले आणि त्याचे पहिले अध्यक्षपद त्यांना दिले. वरवर पाहता ही पदोन्नती नव्हे. नोटांवर सही करणाऱ्याने योजनेचे कागद लिहावयाचे. परंतु त्यांच्या आयुष्यातला सर्वांत विचारप्रवर्तक भाग हाच आहे. आजवर त्यांनी दुसऱ्यांनी घेतलेल्या निर्णयांचा जमाखर्च सांभाळला होता. येथे प्रथमच त्यांना देशाने काय करावे हे स्वतःच्या नावाने सांगावयाचे होते.

फोर्ड प्रतिष्ठानाच्या पैशावर हार्वर्ड विद्यापीठाचे सल्लागार १९५४ मध्ये कराचीस आले. मंडळाकडे माणसे थोडी, आकडेवारी त्याहून थोडी. पहिल्या पंचवार्षिक योजनेचा काळ १९५५ पासून १९६० पर्यंत धरला होता, आणि तिचा मसुदा प्रसिद्ध झाला मे १९५६ मध्ये, म्हणजे पाचातले एक वर्ष सरून गेल्यावर. त्या दोन-अडीच वर्षांत पंतप्रधान बदलत होते: महंमद अली बोगरा गेले, चौधरी महंमद अली आले, ते गेले, सुऱ्हावर्दी आले, ते गेले, आणि मुंबईच्या मुस्लिम लीगमधून पुढे आलेले इस्माइल चुंद्रीगर दोन महिने त्या खुर्चीवर बसले. योजनेला मान्यता द्यावयास यांच्यापैकी कोणाला सवड होणार!

मसुद्यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. ऑगस्ट १९५६ मध्ये पूर्व पाकिस्तानच्या अर्थशास्त्रज्ञांनी ढाक्यास परिषद भरवून असे मांडले की, हजार मैलांच्या अंतराने तुटलेल्या दोन प्रदेशांत मजूर आणि भांडवल यांची ये-जा होत नसता एकच अर्थव्यवस्था आहे असे धरून योजना आखणे चूक आहे. ती टीका मंडळाला लागू होती, आणि मंडळाने तिला पुरेसे उत्तर दिले असे मला वाटत नाही. दुसरी टीका पंजाब आणि सिंधच्या जमीनदारांची. ती मोठ्याने झाली नाही, पण परिणामकारक झाली. मंडळाने जमिनीच्या सुधारणेवर जे प्रकरण लिहिले ते सरकारी कागदांत क्वचितच आढळणाऱ्या स्पष्ट भाषेत होते. शेतीचे उत्पन्न वाढावे अशी इच्छा असेल तर कुळाला संरक्षण द्या, धारणेवर कमाल मर्यादा घाला, जो जमीन कसतो त्याचा तिच्याशी संबंध जोडा, असा त्याचा आशय होता. खुद्द मुस्लिम लीगच्याच समितीने १९४९ मध्ये बागायतीस १५० एकरांची मर्यादा सुचवली होती. पूर्व बंगालने १९५० च्या कायद्याने जमीनदारी मोडून शंभर बिघ्यांची मर्यादा घातलीही होती. पश्चिमेकडे मात्र विधिमंडळात बसणारे आणि ज्यांची जमीन जावयाची ते एकच होते. अवमूल्यनाच्या वेळी जो हिशेबनीस इतरांचा निर्णय शिस्तीने राबवीत होता त्याने आता स्वतःहून बोट ठेवले ते नेमके जेथे सत्ता होती तेथे. आणि त्याचा परिणाम असा की, योजनेचे ते प्रकरण कागदावरच राहिले.

१०८० कोटी रुपयांची योजना राष्ट्रीय अर्थपरिषदेने १९५७ मध्ये मंजूर केली. राष्ट्रीय उत्पन्न पाच वर्षांत पंधरा टक्क्यांनी वाढावे असे तिचे उद्दिष्ट होते. ते पुरते साधले नाही, आणि वाढत्या लोकसंख्येमुळे माणशी उत्पन्नात तर नाममात्र भर पडली. योजना मंजूर झाली त्याच साली केंब्रिज आणि येल येथून शिकून आलेला महबूब उल हक नावाचा तेवीस वर्षांचा तरुण नियोजन खात्यात रुजू झाला, ज्याचे नाव पुढे मानवी विकासाच्या निर्देशांकामुळे जगभर झाले. झाहिद हुसेन त्याच वर्षाच्या अखेरीस वारले. पुढच्या ऑक्टोबरात लष्कराने सत्ता घेतली, आणि १९५९ च्या आरंभी जनरल अयुबखानांनी पश्चिम पाकिस्तानसाठी जमिनीवर मर्यादा घालणारा हुकूम काढला. ती मर्यादा होती एका माणसामागे बागायत ५०० एकर आणि जिरायत १००० एकर, कुटुंबामागे नव्हे. तेव्हा बहुतेक मोठ्या जमीनदारांनी आपापल्या जमिनी मुलां-पुतण्यांच्या नावे लिहून दिल्या.